आभार मानणारा चिटणीस

साऱ्या कोकणपट्टीत आजवर जेवढे आभार मानले गेले असतील, त्यांतले निम्मेअधिक एकट्या आमच्या चिटणीसाने मानलेले आहेत, हे मी कुठल्याही देवळाच्या उंबऱ्यावर हात ठेवून सांगायला तयार आहे. उरलेल्यांतले बरेचसे त्याने दुसऱ्यांकडून मानवून घेतलेले असणार. त्याचे खरे नाव शाळेच्या हजेरीपटावर होते आणि ते तिथेच राहिले. मास्तरांपासून बंदरावरच्या हमालांपर्यंत सगळे त्याला चिटणीस म्हणत. ज्यांच्या जिभेला ते जड जाई ते शेक्रेटरी म्हणत. हेदवीहून त्याची आई कधीमधी त्याला भेटायला येई, तीसुद्धा वसतिगृहाच्या दारात उभी राहून विचारी, "आमचा चिटणीस आहे का हो आत?"

रत्नागिरीत तेव्हा कॉलेज नव्हते. कॉलेजात जायचे तर मुंबई नाहीतर पुणे, फार तर सांगली-कोल्हापूर गाठावे लागे, आणि आमच्यातल्या बहुतेकांना ते जमणारे नव्हते. त्यामुळे कॉलेजात मुले जी काय चर्चा, वादविवाद, नाटके आणि पुढारीपणा करतात, तो सगळा आम्हांला हायस्कुलातच उरकून घ्यावा लागे. आमच्या शाळेत एक विद्यार्थी मंडळ होते. त्या मंडळाला वक्तृत्व, नाट्य, व्यायाम, नौकानयन आणि निसर्गनिरीक्षण अशा शाखा होत्या आणि साऱ्या शाखांचा चिटणीस एकच होता. निवडणूक दरसाल रीतसर होई. उमेदवार एकटाच असे, सूचक आणि अनुमोदक तोच ठरवून आणी, आणि निकाल लागला की चेहऱ्यावर खरेखुरे आश्चर्य आणून मंडळाचे आभार मानी. मॅट्रिकच्या वर्गात तो किती वर्षे होता याची चौकशी कोणी करत नसे. आम्हांला मिसरूड फुटत होते तेव्हा त्याला चांगल्या पिळदार मिशा होत्या. परीक्षा जवळ आली की नेमके कुठल्यातरी शाखेचे काम निघे. एकदा गणिताच्या पेपराच्या आदल्या दिवशी तो कोणा व्याख्यात्याला आणायला संगमेश्वरापर्यंत गेला. मी रागावलो तेव्हा म्हणाला, "अरे, गणित पुढच्या वर्षीही असेल. व्याख्याते पुढच्या वर्षी असतील असं सांगता येतं का?" व्याख्याते खरोखरच वयस्कर होते.

सभेचे नियम त्याच्या अंगात इतके मुरले होते की साधे जेवणसुद्धा त्याला रीतसर केल्याशिवाय पचत नसे. आमच्या वसतिगृहात बयोकाकू स्वयंपाक करत. बाई तोंडाने फटकळ, पण हाताला चव अशी की त्यांच्या कुळथाच्या पिठल्यासाठी माणसाने आणखी एक वर्ष नापास व्हावे. पंगत बसली की चिटणीस उभा राही आणि म्हणे, "आमटी आणखी एकदा फिरवण्यात यावी अशी मी सूचना मांडतो." कोणीतरी अनुमोदन देई. बयोकाकू पळी हातात धरून शांतपणे ऐकून घेत आणि सांगत, "आमटी संपली. तुझा ठराव घाल चुलीत आणि बस खाली मेल्या." तो बसे. पण बसता बसता आज आमटीला कढीलिंब परसातला ताजा घातल्याबद्दल काकूंचे आभार मानायला विसरत नसे. मग काकू आत जात आणि कुठल्यातरी पातेल्याच्या तळाशी वाटीभर आमटी सापडे. ती त्याच्याच पानात पडे हे सांगायला नको.

मंडळाच्या मालकीची म्हणाल तर एकच वस्तू होती, ती म्हणजे नौकानयन शाखेचे वल्हे. होडी नव्हती. होडीशिवाय वल्ह्याचे काय करायचे असे आम्ही विचारले, तर त्याचे उत्तर तयार होते: "होडी मागायला जाताना हात रिकामे नकोत." बाकी साऱ्या वस्तू मागून आणलेल्या असत. गावातून चालताना तुम्हा-आम्हाला घरे दिसतात, माणसे दिसतात. त्याला जाजमे, टेबले, घंटा आणि पाण्याचे तांबे दिसत. एकदा आम्ही दोघे एका वकिलांकडे भेटायला गेलो होतो. त्यांचे वडील गेले होते. मी आपला मान खाली घालून बसलो होतो, तेवढ्यात चिटणीस माझ्या कानाशी लागून कुजबुजला, "ती मागची कोरीव खुर्ची पाहिलीस? अध्यक्षांना काय शोभेल!" तेरावा झाल्यावर ती खुर्ची मंडळात आली आणि पुढे कित्येक अध्यक्ष तीवर बसून गेले.

अध्यक्षही तो असेच पैदा करी. मुंबईची आगबोट लागण्याच्या सुमाराला बंदरावर जाऊन उभा राही, आणि बोटीवरून माणसे किनाऱ्याला आणणाऱ्या पडावातून कोट-टोपी घातलेला जो कोणी गृहस्थ उतरेल त्याला गाठून, तोंड धुवायच्या आत, संध्याकाळच्या सभेचे अध्यक्षस्थान देऊन टाकी. बोट लागून ज्याच्या पोटात काही राहिलेले नाही अशा माणसाला नाही म्हणायचेही त्राण नसते. एका गृहस्थांना आम्ही मोठे विद्वान समजून 'शिक्षण मातृभाषेतून असावे की इंग्रजीतून' या वादविवादाला बसवले. ते निघाले शिवणयंत्रांच्या कंपनीचे फिरते विक्रेते. त्यांनी उभे राहून दोन्ही बाजूंचे कौतुक केले आणि मग यंत्राच्या सुईत दोरा कसा ओवावा यावर फार सुरेख भाषण केले. वादाचा निकाल लागला नाही, पण बयोकाकूंनी खिडकीबाहेरून ते सगळे ऐकले आणि आजवर या मंडळात एवढेच एक कामाचे बोलणे झाले असा शेरा मारला.

आता आभार. सभेला आलेल्यांपैकी भाषणे ऐकायला थोडे लोक येत, आभार ऐकायला सगळे येत. चिटणीस कोटाची सगळी बटणे लावून उभा राही, डोळे मिटे, आणि अध्यक्षांना एका वाक्यात निकालात काढून खऱ्या कामाला लागे. राजिवड्याच्या हसनचाचांची गॅसबत्ती असे. चाचा लग्नकार्यांना बत्त्या भाड्याने देत, पण मंडळाला फुकट. मिरजोळ्याचा सोनूदादा आपल्या गाडीतून व्यासपीठाच्या फळ्या आणून देई. सरबतासाठी कोकमे बयोकाकूंच्या घरची असत. चिटणीस प्रत्येकाचे नाव घेई, आणि नुसते नाव घेऊन थांबत नसे. चाचांच्या नातीला काल ताप होता तरी बत्ती आली. सोनूदादाच्या गाडीचा आस चढणीवर मोडला, तो त्याने लोकांच्या हातापाया पडून बसवून घेतला. काकूंनी कोकमे उन्हात घातली होती तेव्हा शेजारच्या गाईने निम्मी खाल्ली, उरलेल्या निम्म्यांचे हे सरबत आहे. ही सारी माहिती तो कुठून आणी देव जाणे. पण ती कधी चुकत नसे. सभा शाळेच्या आवारात भरली की त्या दिवशी ज्या माडावरून एकही नारळ सभेत पडला नाही त्या माडाच्या मालकाचेही आभार मानले जात. आम्ही हसायचो. माडाचा मालक मात्र पुढच्या सभेच्या आदल्या दिवशी पाडेली बोलावून सगळे नारळ उतरवून घेऊ लागला.

एक गोष्ट मला तेव्हा दिसत होती, पण कळत नव्हती. ज्यांची नावे घेतली जात ती माणसे सभेत बसलेली नसत. हॉलमध्ये वकील, डॉक्टर, कचेरीतले कारकून आणि आम्ही मुले. चाचा, सोनूदादा, काकू आणि तसलेच बाकीचे बाहेर खिडक्यांखाली उभे. त्यांना कोणी येऊ नका म्हटलेले नव्हते, आणि या म्हटलेलेही नव्हते. भाषणे चालू असताना ती मंडळी बाहेर आपापसात गप्पा करत. चिटणीस उभा राहिला की बाहेर एकदम शांत होई आणि गजांच्या पलीकडे चेहरे दिसू लागत. नाव उच्चारले गेले की तो चेहरा हळूच मागे सरके, जसा प्रसाद मिळालेला माणूस बाजूला होतो.

माझ्यासारख्यांना तर त्या मंडळाने माणसात आणले. मी संगमेश्वराकडच्या खेड्यातला. शाळेत तोंड उघडले की गावातली मुले माझ्या हेलाची नक्कल करत, म्हणून पहिले वर्षभर मी तोंडच उघडले नव्हते. चिटणीसाने एका सभेत मला उभे केले. मी "अध्यक्षमहाराज" म्हणालो, आणि पुढचे सगळे भाषण समुद्रात बुडाल्यासारखे नाहीसे झाले. मी घाम पुसत खाली बसलो आणि उद्याच बिऱ्हाड गुंडाळून गावी जायचे असे ठरवून टाकले. शेवटी चिटणीसाने आभार मानले, त्यात तो म्हणाला, "आज ज्यांनी प्रथमच उभं राहून अध्यक्षांना हाक मारली, आणि अध्यक्ष खरोखरच आहेत याची सभेला खात्री करून दिली, त्यांचेही आम्ही ऋणी आहोत." सगळे हसले, पण मला हसले नाहीत. पुढच्या सभेत मी चार वाक्ये बोललो. आज लोक मला वक्ता म्हणतात. त्या मंडळावाचून मी भाताच्या कोठाराशी गप्पा मारत बसलो असतो.

अशात आमच्या शाळेला नवे हेडमास्तर आले. देशावरचे, उंच, शिस्तीचे आणि खिशात साखळीचे घड्याळ बाळगणारे. माणूस मनाने वाईट मुळीच नव्हता, पण त्यांच्या मते वेळेवर संपत नाही ते कार्यच नव्हे. त्यांच्या पहिल्याच सभेला चिटणीसाचा आवाज फार चांगला लागला होता. पाहुण्यांनी आधी जांभई दिली, मग डोळे मिटले, आणि चिटणीस फळ्यांना लागणाऱ्या खिळ्यांपर्यंत पोचला तेव्हा ते खुर्चीत चक्क घोरत होते. दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी चिटणीसाला बोलावले. मी बरोबर होतो. ते म्हणाले, "यापुढे आभार दोन वाक्यांत. पाहुण्यांचे आभार. सर्व साहाय्यकांचे आभार. समजलं?"

"सर, सर्व साहाय्यकांची नावं—"

"सर्व म्हटलं की सगळे आले. नावं कशाला?"

चिटणीस शिस्तीचा पक्का. अध्यक्षांचा निर्णय अखेरचा, हे आम्हांला त्यानेच शिकवले होते. पुढच्या सभेत त्याने नेहमीप्रमाणे बटणे लावली, डोळे मिटले आणि दोन वाक्ये बोलून खाली बसला. गजांपलीकडे चेहरे जमले होते, ते तसेच राहिले. त्यांना वाटले असावे की हा श्वास घ्यायला बसला. मग बाहेरून हसनचाचा आत आले, कोणाकडे न बघता स्टुलावर चढले आणि आपली बत्ती पेटलेली तशीच उतरवून घेऊन चालू लागले. पाहुणे, वकील, डॉक्टर सगळे अंधारात. त्या अंधारात बयोकाकूंचा आवाज तेवढा स्वच्छ ऐकू आला: "सर्वांचे आभार म्हणजे कोणाचेच नव्हेत हो!"

त्यानंतर महिन्याभरावर वार्षिक स्नेहसंमेलन होते, आणि मदत करणाऱ्या साऱ्यांनी गाव न सोडता गाव सोडल्यासारखे केले. कोकणातला माणूस तोंडावर नाही म्हणत नाही; तो अडचण सांगतो. चाचा म्हणाले, "बत्तीची जाळी फुटली, बाबा. मुंबैसून मागवली हाय. येईल तवा येईल." सोनूदादा म्हणाला, "काय सांगू चिटनीस, बैल लंगडतोय वो." तो बैल आम्ही त्याच सकाळी खडपाच्या दगडांवरून उड्या मारताना पाहिला होता. बयोकाकूंच्या कोकमांना बुरशी आली. वकिलांना अचानक ती कोरीव खुर्ची परत नेऊन तीवर बसून वाचायची सवय लागली, कारण त्यांच्या घरातली गडीमाणसे काय बोलत होती ते त्यांनाही ऐकू येत असणार. माडाच्या मालकानेसुद्धा यंदा नारळ उतरवायला जमणार नाही असा निरोप पाठवला.

हेडमास्तरांना ही बातमी कळली तेव्हा ते खिन्न झाले, पण त्यांनी हिशेब सरळ मांडला. ज्या मंडळाला स्वतःची एक बत्ती नाही ते मंडळ चालवायचे कशाला? संमेलन नीट पार पडले तर ठीक. नाहीतर मंडळ बंद करून त्याची खोली कवायतीच्या सामानाला द्यायची. ते काही सुडाने बोलत नव्हते. त्यांना खरेच वाटत होते की मुलांचा वेळ वाचेल. आम्हांला मात्र त्या खोलीखेरीज दुसरी जागाच नव्हती. खेड्यातून आलेल्या पोराने उभे राहावे, चुकावे आणि तरी त्याला कोणी हाकलू नये अशी जागा साऱ्या गावात ती एकच होती. ती गेली असती तर माझ्या मागून आलेली पोरे मुकीच राहिली असती, आणि चिटणीस कशाचा चिटणीस राहिला असता हे तर मनात आणवत नव्हते.

तो आजारी पडला. ताप नव्हता, काही नव्हते. नुसता पडून राहिला. पंगतीत ठराव मांडला नाही. बयोकाकूंनी न मागता आमटी वाढली तरी त्याने मान वर केली नाही. काकू आत जाऊन मला म्हणाल्या, "हा बोलत का नाही रे? मेल्याचा आवाज बंद झाला तर या घरात भांड्यांशिवाय कोण वाजणार?" मी म्हटले, "मग द्या की कोकमं." त्या फणकारल्या, "कोकमांचं काय घेऊन बसलास! मी काय कोकमांचे पैसे मागितले होते? वर्षातून चार वेळा त्या शाळेत माझं नाव घेतलं जात होतं. दुसरं कोण घेतंय माझं नाव? काकू म्हणतात नाहीतर बाई म्हणतात." आपण काय बोलून गेलो हे लक्षात येऊन त्या पदराने डोळ्यांतला धूर पुसू लागल्या. चूल तर केव्हाच विझली होती.

मी हे चिटणीसाला जाऊन सांगितले. तो उठून बसला. मिशीला पीळ देत म्हणाला, "चल." आम्ही राजिवड्याला गेलो. चाचा दारात जाळे विणत बसले होते. बत्ती मागे खुंटीला टांगलेली, जाळी शाबूत.

चिटणीस म्हणाला, "चाचा, मी बत्ती मागायला आलेलो नाही. बत्ती राहू दे. तुम्ही या."

"आमी येऊन काय करू?"

"तुम्ही या, पुढे बसा. येताना हातात बत्ती असली तर आणा, नसली तर अंधारात बसू."

"साळंत? पुढं?" चाचांच्या हातातली सुई थांबली. "तुजा हेडमास्तर भायर घालवील."

"तर मीही तुमच्याबरोबर बाहेर येईन. खिडकीपाशी मला जागा द्याल ना?"

चाचांनी काही कबूल केले नाही. चिटणीस मिरजोळ्याला गेला, वसतिगृहात परत आला, आणखी दहा दारे फिरला, आणि प्रत्येक ठिकाणी वस्तू सोडून माणूस मागून आला. मग तो हेडमास्तरांकडे गेला. तिथे त्याने जो साळसूदपणा दाखवला तो मी जन्मात विसरणार नाही. "सर, बत्ती मध्येच भडकली तर? बत्तीवाल्यांना बत्तीखालीच बसवावं म्हणतो." हेडमास्तर म्हणाले, उत्तम. "फळ्या करकरल्या तर फळ्यावाले जवळ हवेत." योग्य आहे. "सरबत देणारी बाई—" अरे, आता हे सगळं मला काय विचारतोस, जे लागेल ते कर. चिटणीसाने त्यांचे एका वाक्यात आभार मानले आणि बाहेर पडला.

संमेलनाच्या दिवशी दिवस मावळला तरी कोणी येईना. वकील-डॉक्टर मागच्या खुर्च्यांवर बसले होते, पाहुणे व्यासपीठावर होते, पुढचे जाजम रिकामे होते आणि हॉलमध्ये एक कंदील मिणमिणत होता. हेडमास्तरांनी घड्याळ काढले. चिटणीस दारात उभा होता; त्याच्या कपाळावरचा घाम मला इतक्या लांबून दिसत होता. मग रस्त्याच्या वळणावर एकदम पांढरा लख्ख उजेड पडला. हसनचाचा धुतलेली लुंगी, काळा कोट आणि तुर्की टोपी घालून पेटलेली बत्ती मिरवत येत होते, आणि त्या उजेडात मागून सोनूदादा, त्याची बायको, काकू, माडाचा मालक, जाजमवाला, पाणीवाली, असे सगळे नवे कपडे घालून येत होते. दाराशी आल्यावर मात्र सगळे थबकले. चपला काढाव्यात की हातात घ्याव्यात ते कोणाला कळेना. चिटणीस पुढे झाला, चाचांच्या दंडाला धरले आणि त्यांना आत नेऊन पहिल्या रांगेत बसवले.

हेडमास्तर बघतच राहिले. पण परवानगी त्यांनीच दिलेली होती. कार्यक्रम सुरू झाला. पाहुणे चारित्र्याचे महत्त्व सांगत असताना बत्ती मंदावली. चाचा उठले, "जरा थांबा सायब" म्हणाले, बत्ती खाली घेतली, सावकाश हवा भरली आणि उजेड पुन्हा लख्ख झाल्यावर पाहुण्यांना म्हणाले, "हां, बोला आता." पाहुणे बोलू लागले. टाळ्या मात्र चाचांना पडल्या.

शेवटी चिटणीस उभा राहिला. सगळी बटणे लावली, डोळे मिटले. "पाहुण्यांचे आभार," तो म्हणाला, "सर्व साहाय्यकांचे आभार." आणि खाली बसला. हातून मडके सुटलेल्या माणसासारखा तो आपल्या हातांकडे पाहत होता. पाहुणे अर्धे उठले, पण हॉलमध्ये दुसरे कोणी हलले नाही. चाचा बत्तीखाली मांडी घालून तसेच बसून राहिले. काकूंनी पदर नीट केला आणि समोर पाहिले. राग कोणाच्या तोंडावर दिसत नव्हता. ती माणसे नुसती थांबली होती.

हेडमास्तरांनी घड्याळ काढले, त्याच्याकडे पाहिले, आणि पुन्हा खिशात ठेवले. मग ते उठले. "आभाराचं काम आज थोडं अपुरं राहिलं आहे," ते म्हणाले. "ते मी पुरं करतो. चिटणीस, इकडे ये. मला नावं सांग."

चिटणीस धावला. तो हळूच सांगे आणि हेडमास्तर त्यांच्या त्या देशावरच्या खणखणीत आवाजात म्हणत, "राजिवड्याचे श्रीयुत हसनमियां यांनी आपली बत्ती दिली." चिटणीसाने त्यांची बाही ओढली. "काय? हो. ती पेटवताना त्यांचा हात भाजला, तरी ते आले." चाचांनी भाजलेला हात कोटाच्या खिशात लपवला. त्यांना जन्मात कोणी श्रीयुत म्हटले नव्हते. सोनूदादा श्रीयुत झाला. बयोकाकूंचे पाळण्यातले नाव चिटणीसाने कुठून मिळवले होते कोणास ठाऊक. हेडमास्तरांनी ते 'श्रीमती' लावून पुरे उच्चारले, आणि आम्हां पोरांना पहिल्यांदाच कळले की आमच्या काकूंचे नाव यमुना आहे. काकू रडू लागल्या आणि रडता रडता शेजारणीला सांगू लागल्या की डोळ्यांत बत्तीचा किडा गेला. हेडमास्तरांना हळूहळू या कामाची गोडी लागली. चिटणीस एक सांगे तर ते दोन विचारत. त्या दिवशीचे आभार चिटणीसाच्या कुठल्याही आभारांपेक्षा लांबले आणि पाहुण्यांच्या पानातला भात निवून गेला. अखेर त्यांनी विचारले, "कोणी राहिलं का?"

जाजमावरून सोनूदादा म्हणाला, "बैल ऱ्हायले, सायब."

हसून हसून हॉल दणाणला. हेडमास्तर हसले नाहीत. त्यांनी बैलांची नावे विचारली आणि ती घेऊन आभार मानले.

मंडळ बंद करण्याची गोष्ट पुन्हा निघाली नाही. खोली आमचीच राहिली, आणि पुढच्या सभांना पुढचे जाजम कधी रिकामे दिसले नाही. चिटणीस मात्र फार दिवस राहिला नाही. त्याचे वडील मुंबईला गिरणीत होते. त्यांनी तिथे कुठेतरी कारकुनाची जागा पाहून ठेवली होती. मॅट्रिक होण्याची वाट पाहायला जागा तयार नव्हती. पावसाळ्यापूर्वीच्या अखेरच्या आगबोटींपैकी एकीने तो निघाला. धक्क्यावर सगळे आले होते. हेडमास्तरसुद्धा आले होते, आणि त्यांनी घड्याळ पाहिले नाही. चिटणीस हसत होता, पण बोलत नव्हता. पडाव सुटला, वारा खाऊ लागला, तेव्हा चिटणीस त्याच्या मध्यभागी उभा राहिला. त्याने कोटाची बटणे लावली. डोळे मिटले असणार. एवढ्या लांबून ते दिसले नाही. तोंड हलताना मात्र दिसत होते. वारा समुद्राकडे वाहत होता. एक शब्द आमच्यापर्यंत पोचला नाही.

पण धक्क्यावरून कोणी हलले नाही. चाचा हलले नाहीत, काकू हलल्या नाहीत. पडाव आगबोटीला टेकेपर्यंत सगळी माणसे उन्हात मुकाट उभी होती, कारण जो तो धरून चालला होता की आता आपलेच नाव चालू आहे. माझे नाव मी ऐकले, असे मी आजही सांगतो.